चर्चच्या पायरीवरचे बूट

सकाळभर म्युझियम पाहून आमचा ग्रुप त्या जुन्या चर्चपाशी आला. दारात मी सवयीने वाकून बूट काढले आणि "जरा बघा हो" म्हणायला मागे वळले. मागे कोणीच नव्हतं.

देवळात आम्ही नवरा-बायको कधी एकदम गेलोच नाही. हे चपला सांभाळत पायरीवर बसायचे. "तू हो पुढे, देव कुठे पळून जातोय?" मी दर्शन घेऊन आले की मग ते आत जायचे. जन्मभर मी पुढे, ते मागे. गेल्या श्रावणात तेवढे एकदाच ते माझ्याआधी गेले.

"काकू, इथे बूट नाही काढत," टूरबरोबरची मुलगी हळूच म्हणाली. "चला ना, आतल्या रंगीत काचा बघा, काय सुंदर आहेत!"

"तुम्ही या जाऊन," मी म्हटलं. "मी बसते."

दगडी पायरी गार होती. बूट शेजारी ठेवून मी दाराकडे बघत राहिले. माणसं आत जात होती, बाहेर येत होती. आत गेलेलं माणूस परत येईपर्यंत चपलांपासून हलायचं नाही, अशी आमची रीत होती.