कोळवणच्या डब्यातली काजळी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अमावास्येला नवी गाडी घरी आणणारी बाई आहे मी!

राहते भूगावला. कोळवणजवळच्या एका रिसॉर्टची मॅनेजर आहे. तिथे लॉनवर थोडे रूळ टाकून जुनं वाफेचं इंजिन आणि एक लाकडी डबा ठेवलाय. लोक फोटो काढतात, डब्यात बसून जेवतात. इंजिन नुसतं शोभेचं... आग पेटवायची जागा वेल्डिंग करून बंद केलेली.

पण त्या डब्याच्या खिडक्यांच्या झडपा! दुपारी ऐन जेवणाच्या वेळी सगळ्या धाडकन खाली. मिट्ट काळोख, गेस्टची आरडाओरड. मी साफसफाईच्या शांताबाईंवर खेकसले.

"म्याडम, मी कशाला पाडू? आपसूक पडत्यात. तुमीच बसा हितं अन् बघा."

बसले. पडल्या! वारा नाही, काही नाही. वैताग नुसता...

त्यात माझ्या एकुलत्या लेकीचा, ऋचाचा साखरपुडा त्याच डब्यात — हौस तिचीच. विहीणबाई तर अशा, की मांजर आडवं गेलं म्हणून पहिल्या बैठकीला अर्ध्या वाटेतून परत फिरलेल्या. अंगठीच्या वेळी काळोख झाला तर सोयरीकच मोडायची! म्हणून आदल्या दिवशी सुताराला बोलावून एकूण एक झडप वरच्या वर स्क्रूनं पक्की करून घेतली.

दुसऱ्या दिवशी जावईबापू अंगठी काढतायत... आणि खिडक्यांतून भसाभस काळा धूर आत! खोकला, डोळ्यांत कण, श्रीखंडावर काजळी. विहीणबाई ओरडल्या, "अपशकुन! उठा सगळे!"

तेवढ्यात मुलाची आजी, नाकाला पदर लावून, माझ्यावरच खवळली. "अहो, बोगदा आला की खिडक्या लावायच्या असतात! कोळशाचं इंजिन आहे, एवढंही कळत नाही? मिरजेला माहेरी जाताना आम्ही पळत जाऊन लावायचो." मग सुनेकडे, म्हणजे विहीणबाईंकडे वळून, "तू खाली बस गं. बोगदाच तो, संपेल आत्ता."

आणि खरंच संपला हो! ऋचा काळ्या तोंडानं हसत बसली होती. तिनं बोट पुढे केलं, अंगठी चढली.

नंतर इंजिन पाहिलं. वेल्डिंग जसंच्या तसं. धुराड्यात साळुंकीचं घरटं, पिल्लं मजेत.

स्क्रू काढलेत. झडपा पडल्या की पडू देते. कसं, का, मला विचारू नका... माहीत नाही. पण भर दुपार, खिडक्या सताड उघड्या, आणि फोटोग्राफरनं काढलेला अंगठीचा प्रत्येक फोटो काळाकुट्ट, जणू बोगदा संपलाच नव्हता! लेकीचा साखरपुडा झाला, आणि दाखवायला तिचा चेहरा असलेला एक फोटो नाही माझ्याकडे.