मालतीबाईंच्या ओट्यावर शिकलेली सी

मालतीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या कारखान्यात एका यंत्राचा प्रोग्राम तपासत होते. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा होता. "सविता, ताई गेली गं... झोपेतच." मी आधी हातातला प्रोग्राम पुरा केला, मग रडले. काम अर्धवट टाकून उठले असते तर बाईंनी वरूनसुद्धा ओरडा दिला असता.

बाई बोर्डीच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या ओट्यावर, डिप्लोमाला असलेल्या आम्हा मुलींना संगणकाची सी भाषा शिकवायला घेतली. मी तलासरीजवळच्या पाड्यावरची. आई त्यांच्या शेजारच्या चिकूवाडीत कामाला होती, तिनेच मला त्यांच्यापुढे उभं केलं. कारण सीच्या प्रात्यक्षिकात मी एकदा नापास झाले होते. पुन्हा नापास झाले तर कॉलेज बंद आणि फुग्यांच्या कारखान्यात कामाला, असं घरात ठरून गेलं होतं.

बाईंनी महिनाभर मला संगणकाला हात लावू दिला नाही. ओट्यावर चिकूच्या टोपल्या मांडल्या. "ही टोपली म्हणजे व्हेरिएबल. तिला नाव दे. आणि आत काय ठेवणार ते आधीच सांग, पूर्ण आकडा, दशांश की अक्षर. मागाहून रडगाणं नको." चिकू मोठा असेल तर डावीकडे, नाहीतर उजवीकडे, ही झाली अट. ढीग संपेपर्यंत तेच करत राहायचं, हा लूप. फंक्शनसाठी त्यांनी स्वयंपाकघरातल्या वहिनींकडे, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोकडे, बोट दाखवलं. "पत्ती, साखर, दूध आत द्यायचं, चहा बाहेर येतो. आत काय चालतं ते विचारायचं नाही." आतून वहिनी म्हणाल्या, "विचारून तर बघा एकदा!" बाई इतक्या हसल्या की तास तिथेच संपला.

मग एकदाचा संगणक मिळाला. पाच टोपल्यांच्या वजनांची बेरीज, एवढाच प्रोग्राम. पण उत्तर यायचं भलतंच, लाखांच्या घरात. तीन दिवस मी एकेक ओळ तपासली. अटी बरोबर, लूप बरोबर, उत्तर मात्र चूक. बाईंना चूक पहिल्याच दिवशी दिसली असणार, पण त्या सांगेनात. तिसऱ्या दिवशी मी वही मिटली. "बाई, मला नाही जमायचं."

तेवढ्यात आई मला न्यायला आली. बाई तिला म्हणाल्या, "जानकी, हिची टोपली भरते, पण वजन भलतंच येतं." आईने माझ्याकडे पाहिलं. "भरायच्या आधी उपडी केलीस का? खाली कालचं काय बाय ऱ्हायलं असल."

वाडीत हे कुणी शिकवत नाही. टोपली घेतली की उपडी करायची, बुडावर दोन थापा मारायच्या, मगच भरायला लागायचं. मी लहानपणापासून हे करत आले होते आणि नेमकी इथे विसरले. बेरजेच्या व्हेरिएबलमध्ये सुरुवातीला शून्य ठेवलंच नव्हतं, आतल्या जुन्या कचऱ्यावर मी नवी वजनं मिळवत होते. शून्य लिहिलं. उत्तर बरोबर आलं! बाईंनी आईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "आज मास्तर तू." आई लाजून पार लाल झाली.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं. "सुरुवातीला हे शून्य कशाला?" मी टोपलीपासून सगळं सांगितलं. ते ऐकतच राहिले, मग म्हणाले, "इतकं नीट आज कुणीच सांगितलं नाही." त्या वर्षी सीमध्ये कॉलेजात मी पहिली आले. बाई एसटीने तलासरीला आल्या, तिथून उन्हात चालत पाड्यावर, आणि घरोघरी स्वतः पेढे वाटले. माझ्या बापाला म्हणाल्या, "कारखान्यातच जाईल ही, पण यंत्रं हिचं ऐकतील." तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

बाईंचे दिवस झाल्यावर गेल्या रविवारी मी बोर्डीला गेले. वर्ग मोडला असेल असं धरूनच चालले होते. ओट्यावर सात मुली वह्या उघडून बसलेल्या, कुणी बोलावलं नव्हतं. बाईंच्या जागेवर बसायचा धीर मला झाला नाही, मी शेजारी बसले... संध्याकाळपर्यंत सहा जणींचे प्रोग्राम चालले. सातवी रडकुंडीला आली होती, पण उठेना. आम्हीही कुणी उठलो नाही. दिवेलागणीला तिचाही चालला.