भिंतीपलीकडचं पाणी

लग्न होऊन उमापूरला आले तेव्हा सासरच्या घराबरोबर एक भांडणही वाट्याला आलं. शेजारच्या काकांचं अंगण उंचावर, आमचं उताराला. आमच्याकडे पाऊस महिना महिना तोंड दाखवत नाही आणि आला की तासाभरात सगळी कसर काढतो. मग काकांच्या पत्र्यावरचं, अंगणातलं सगळं पाणी कुंपणभिंतीच्या भोकातून आमच्या दारात. सासरे ते भोक सिमेंटनं बुजवायचे, काका पहारीनं पुन्हा पाडायचे.

"तुमचं पाणी तुमच्या घरात ठिवा," सासरे म्हणायचे.

"पाणी देवाचं हाय. उताराला जाणारच," काका म्हणायचे.

उन्हाळ्यात भांडण बंद असे, कारण पाणीच नसे. दोन्ही घरांचे बोअर आटले की काकू आणि मी टँकरपुढे एकाच रांगेत घागरी लावायचो. तिथे आमचं छान जमायचं.

वाहून जाणारं पाणी बोअरमध्ये जिरवता येतं, हे मला बचत गटाच्या बैठकीत कळलं. घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, "मामा, बोअरभोवती खड्डा घेऊ. पायपाला भोकं पाडून जाळी गुंडाळायची, वर दगड, खडी, वाळू. भिंतीतून येतंय ते पाणी त्यात सोडू."

त्यांनी जेवण संपवून हात धुतला. मग म्हणाले, "म्हंजी त्याच्या पाण्याची आपल्याला गरज हाय?"

"हाय."

"हे त्याला कळाया नको."

खड्डा झाला. सासऱ्यांनी स्वतः हातोडी घेऊन भिंतीतलं सिमेंट फोडलं. काका पलीकडून बघत होते.

"भोक कावून पाडायलात?"

"उताराला जाणारच, तुमीच म्हणलात."

काकांना संशय आला. खड्ड्यातली वाळू त्यांनी भिंतीवरून वाकून पाहिली आणि संध्याकाळी आपल्या बाजूनं भोक बुजवून टाकलं. "माझ्या पत्र्यावरचं पाणी हाय," ते म्हणाले, "फुकट कसं जाऊ देऊ?"

त्याच आठवड्यात जोराचा पाऊस झाला. काकांचं पाणी काकांच्या अंगणात तुंबलं, पायरी चढलं आणि स्वयंपाकघरात शिरलं. पिठाचा डबा तरंगायला लागल्यावर काकूंनी पहार उचलली. भिंतीपलीकडून चार घाव ऐकू आले आणि मग त्यांचा आवाज, "घ्या गं बाई, न्या समदं!"

काळं, गढूळ पाणी खड्ड्यात पडलं आणि गुडगुडत खाली गेलं. सासरे छत्री धरून शेवटपर्यंत उभे होते. "गेलं," एवढंच म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात आमचा बोअर नेहमीपेक्षा थोडा टिकला आणि आटला. काकांचा आटलाच नाही. त्यांचा बोअर आमच्यापेक्षा खोल. जमिनीखाली भिंत नसते, हे बैठकीत कुणी सांगितलं नव्हतं.

"खड्डा आपला, पाणी त्याचं," सासरे म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना. टँकरच्या रांगेत आता काकू नव्हत्या. घागरीपेक्षा ते जास्त जड वाटायचं.

एका सकाळी भिंतीवरून काळा पाइप आमच्या अंगणात पडला. मागून काकांचं डोकं वर आलं.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"पाणी."

"कुणाचं?"

काकांनी जरा विचार केला. "ते तुमी ठरवा. मी मोटार चालू करतो. पाइप हौदात धरा."

सासऱ्यांनी पाइप धरला. हौद काठोकाठ भरला. मग सासरे माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांना च्या दे."

मी भिंतीवर कप ठेवला. काका उभ्याउभ्या प्याले आणि साखर कमी आहे म्हणाले. रोज सकाळी पाइप येत राहिला. पावसाळा तोंडावर आल्यावर काकांनी आपल्या बोअरभोवतीही खड्डा घेतला. सासरे दिवसभर त्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते आणि खडी बारीक आहे, असं सांगत होते. काका ऐकत नव्हते.