नखावरची रेघ

आमच्या घरी बारसं असो, लग्न असो, की दहाव्याला जमलेली मंडळी असोत — जेवणं उरकली की मला मध्ये बसवतात. गोष्ट सांगायला. माझ्या गोष्टीत मीठ जरा जास्त पडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. बायको तर म्हणते, हे दळण आणायला गेले तरी वाटेत ह्यांना वाघ भेटतो. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी कुणापुढे काढलेली नाही. बायकोपुढे नाही, सख्ख्या भावापुढे नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही समोर नाही. माझं तोंड तुम्हाला दिसत नाही — एवढंच.

मी मास्तर. तिसगावपासून आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीतल्या शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवतो. शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यातली निम्मी पुस्तकं वाळवीनं वाचून संपवलेली. उरलेल्यांत शेळीपालनाची माहिती. मुलांना द्यायचं काय? मग एका प्रशिक्षणात कळलं की, जुनी पुस्तकं, ज्यांचे हक्क संपलेत अशी, इंटरनेटवर फुकट मिळतात. अख्खीच्या अख्खी, पानापानाचा फोटो काढून ठेवलेली. मला गुप्तधन सापडल्यासारखं झालं. शाळेला देणगीत मिळालेल्या तीन संगणकांपैकी एक चालू होता. मोबाईल खिडकीच्या गजाला बांधला की रेंज येई. मी शोधत सुटलो. एकदा ‘बालकथा’ म्हणून दोन तास उतरवलेलं पुस्तक उघडलं, तर निघालं रेल्वेचं जुनं वेळापत्रक. ते पण मी दोन पानं वाचलं. हावरेपणा.

शेवटी एक खरंखुरं सापडलं. वेष्टन गेलेलं, नाव गेलेलं, कुठल्यातरी वाचनालयाचा पुसट शिक्का. आत जुन्या वळणाच्या गोष्टी — बोलणारी नदी, सावल्या हरवलेलं नगर. खिचडी खाऊन झाली की सातवीची वीस पोरं त्या एका पडद्याभोवती गोळा व्हायची आणि आळीपाळीनं मोठ्यानं वाचायची. बाहेर टळटळीत ऊन, आत पंखा बंद, आणि ती पिवळी पानं.

नवव्या पानावर अंगठा निघाला.

म्हणजे — पानाचा फोटो काढताना कुणीतरी पुस्तक धरलं होतं, त्या माणसाचा अंगठा फोटोत राहिला होता. डाव्या कोपऱ्यात, खाली. बाईचा, सावळा. नखावर तिरपी पांढरी रेघ, कधीतरी काही लागल्यासारखी. बाकी काही नाही. हात नाही, बांगडी नाही, चेहरा तर नाहीच. नुसता अंगठा, पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर. पोरं खिदळली. एक म्हणालं, पुस्तकात भूत हाय.

आता सांगा, माझ्यासारख्याला गप्प बसवेल? मी मीठ टाकलं. म्हणालो, ही बाई आपल्यासाठी पान धरून बसलीय. मोठ्यानं, स्वच्छ वाचलं तर ती पुढचं पान उलटते. पुटपुटलात तर हात काढून घेते. पोरांनी तिचं नाव ठेवलं अंगठेबाई. इथपर्यंत गंमतच होती.

वर्गात कावेरी नावाची मुलगी होती. वडील ती लहान असतानाच वारलेले. आई दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला गेली, भावाच्या टोळीबरोबर, ट्रकमध्ये बसून. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात. तर हा अर्धा कोयता जाण्याआधी शाळेत आला होता. मुलगी आजोबांजवळ राहील, शाळेत येईल, अशा अर्जावर अंगठा द्यायला. शाईची डबी मी उघडली. तिचा अंगठा माझ्या दोन बोटांत धरून मीच शाईत दाबला. हे लक्षात ठेवा.

आई गेल्यापासून कावेरी वाचत नव्हती. पाळी आली की उभी राहायची. पुढचं पोर सुरू होईपर्यंत तशीच. मारून पाहिलं नाही मी, पण बोलून बोलून थकलो होतो.

त्या दुपारी ती पोरांना ढकलत पुढे आली. पडद्याजवळ तोंड नेऊन उभी राहिली. म्हणाली,

“सर, ही माझी आई हाय.”

कुणी हसलं नाही. ती म्हणाली, आईला कोयता लागला हुता, तीच रेघ हाय. मी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. तिच्या आईचा अंगठा दोनच महिन्यांपूर्वी माझ्या हातात होता. त्याच्या नखावर रेघ नव्हती. मला ठाऊक होतं — आठवत नव्हतं, नीट दिसलं नव्हतं, असलं काही नाही. ठाऊक होतं.

मी म्हणालो, “आसंल की.”

दोन शब्द. का म्हणालो? तिला बरं वाटावं म्हणून? तसं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं म्हणजे गोष्ट रंगत होती, आणि रंगात आलेली गोष्ट मला मोडवत नाही. तिनं विचारलं, मग ती ऊस सोडून तिकडं कशी? त्यावरही माझ्याकडे उत्तर तयार होतं. हुशार बाया असतात, त्यांना शहरात पुस्तकांचे फोटो काढायच्या कामाला घेतात, म्हटलं. स्वतःचं नावसुद्धा न येणाऱ्या बाईबद्दल बोलत होतो मी.

कावेरी त्या दिवशी वाचायला लागली. खणखणीत. महिन्याभरात वर्गात तिच्यासारखं वाचणारं कुणी राहिलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. थोपटून घेतली मी.

पण हळूहळू त्या खोलीत काहीतरी बदलत गेलं. पान संपलं की कावेरी आपला अंगठा पडद्यावरच्या अंगठ्यावर टेकवायची, क्षणभर थांबायची आणि मगच पुढे जायची. काच पुसली तरी तिथला ओलसर ठसा परत दिसायचा. पुस्तकाच्या शेवटाकडे त्या बाईचा हात जास्त जास्त आत आला होता — आधी अंगठा, मग दोन बोटं. शेवटच्या पानावर तर चारही बोटं ओळींवर पडलेली. गोष्टीचा शेवट वाचताच येईना. पुस्तक धरणाऱ्याचा हात सरकला असणार, दुसरं काय? कावेरी म्हणाली, आई म्हनती थांबा. आणि सगळी पोरं थांबली. मीही.

संगणकाशेजारी एक स्टूल होतं. पोरं त्यावर बसेनाशी झाली. एक दिवस मी टेकायला गेलो तर कावेरी हळूच म्हणाली, तिथं नका बसू सर, तिथं आई बसलीय. मी उभ्यानं तास घेतला. पुढे एकदा खोली बंद करायला भर दुपारी एकटाच गेलो आणि त्या रिकाम्या स्टुलाला वळसा घालून गेलो. वळसा घालताना ‘जरा सरका’ असंही म्हणालो. पन्नाशीचा माणूस. स्वतःच सोडलेल्या पुडीला वाट मागत होता.

पुस्तक संपलं. कावेरीला आईचं दुसरं पुस्तक हवं होतं. मी परत शोधायला लागलो — आणि इथं माझी मलाच लाज वाटते — गोष्टी चांगल्या आहेत का, हे मी पाहतच नव्हतो. अंगठा शोधत होतो. उत्तम, स्वच्छ पुस्तकं मिळाली. एकातही कुणाचं बोट नाही. चार दिवस कावेरी पुन्हा मुकी झाली. पाचव्या दिवशी मी बायकोला काळ्या कापडावर अंगठा ठेवायला लावला. शाळेचं काम आहे म्हटलं. ती म्हणाली, “मला अंगठेबहाद्दर समजलात का? धावी पास हाय मी.” मी तिच्या नखावर पांढऱ्या रंगानं रेघ काढायला घेतली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती दचकली आणि रेघेचं टोक खाली वळलं. आकड्यासारखं. मी म्हटलं, चालेल, कोण बघतंय एवढं. फोटो काढला. भाच्यानं शिकवलेल्या युक्तीनं तो पानापानाच्या कोपऱ्यात चिकटवला.

कावेरीनं पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

“आईला परत लागलंय,” ती म्हणाली.

बरं होईल, मी म्हणालो.

अशी तीन पुस्तकं केली मी. सातवी संपली, आठवी सुरू झाली. तिची आई मात्र साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावरही आली नव्हती. टोळी तिथूनच वीटभट्टीवर गेली होती. आली ती नागपंचमीच्या तोंडावर. एसटीतून उतरली ती घरी न जाता थेट शाळेत, हातात पिशवी. वाळलेली, उन्हानं रापलेली. संगणकाच्या खोलीच्या दारात उभी राहून तिनं हाक मारली, “कावे.”

कावेरी उठली. आईच्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. जवळ गेली, आईचा हात हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याचं नख पाहिलं. मग दुसऱ्या हाताचं. आणि दुकानातली वस्तू परत ठेवावी तसे ते हात खाली सोडले.

“ही नव्हं,” ती म्हणाली, आणि येऊन पडद्यासमोर बसली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. “गुरुजी, पोरगी काय म्हनतीय?”

हा माझा क्षण होता. तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं — बाई, मी खोटं बोललो. कावेरी, तो अंगठा माझ्या बायकोचा आहे. वीस पोरं बघत होती. मी म्हणालो,

“लई दिवसांनी आलात ना तुम्ही. बुजलीय ती.”

कळलं तुम्हाला, मी काय केलं ते? माझं होतं ते उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं. आणि ती बाई भांडली नाही. पदर तोंडाशी धरून म्हणाली, व्हय, माझीच चूक हाय.

घरी कावेरी तिच्याशी पाहुणीशी वागावं तशी वागायची, असं आजोबांकडून कळलं. पाणी द्यायची, ताट वाढायची, ‘आई’ म्हणायची नाही. आठवड्यानं ती बाई एकटीच शाळेत आली. म्हणाली, पोरगी जिला आई म्हनती ती कोन बाई हाय ती मला दावा. आणि बसली — त्याच स्टुलावर. तिला काय माहीत? मी पुस्तक उघडलं. नेमकं कुठलं? मीच केलेलं. मूळचं सापडेना घाईत — नाही, हे खोटं. मूळचं मी शोधलंच नाही.

तिनं पडद्याजवळ तोंड नेलं, अगदी लेकीसारखंच. हा कुनाचा हाय, विचारलं. मी म्हटलं, काय ठाऊक, जुनी पुस्तकं, कुनाचा बी आसंल. माझी बायको त्या वेळी घरी त्याच अंगठ्यानं भाकरी थापत असेल. त्या बाईनं बोटाचं टोक त्या रेघेवरून फिरवलं. पहिलीतलं पोर अक्षर गिरवतं तसं, सावकाश. दोनदा. मग विचारलं,

“शेवटाला अशी वळलीय व्हय?”

“व्हय,” मी म्हणालो.

ती उठली. हात जोडून गेली.

दसरा आला. वाडीच्या तोंडाशी ट्रक लागले. ती परत निघाली होती, म्हणून परत अर्ज. त्या दिवशी मायलेकी बरोबर आल्या. कावेरीनं आईचा उजवा हात घट्ट धरला होता, गालाशी लावून. माझ्याकडे बघून इतकी हसली ती — तिला तशी हसताना मी कधी पाहिलीच नव्हती.

“सर, आई आली,” ती म्हणाली.

मी शाईची डबी उघडली. बाईनं डावा अंगठा पुढे केला. नखावर तिरपी रेघ होती. पांढरी नव्हे — काळपट लाल, कडेला सुजलेली, आठ-दहा दिवसांची असेल. आणि तिचं टोक खाली वळलेलं होतं. आकड्यासारखं.

मी वर पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. रागानं नाही. काहीतरी चोरून आणलेलं माणूस दुकानदाराकडे बघतं तशी — गुरुजी, सांगू नका.

“जरा हळू धरा,” ती म्हणाली. “आजून दुखतंय.”

मी हळू धरला. शाईत दाबला. अर्जावर उठवला. पुसायला फडकं दिलं.