तळहातानं ऐकलेली मॅच

खुंटाकाकांना क्रिकेट कळत नव्हतं. आमच्या लाकडाच्या वखारीत ते कुणालाच धड कळत नव्हतं, उगाच खोटं कशाला बोला. लेगबाय म्हणजे काय, असं एकदा ढब्बूनं विचारलं. कारकुनानं समजावलं की चेंडू पायाला लागून गेला तरी धाव मिळते. ढब्बू म्हणाला, "घ्या! इथं पायावर ओंडका पडला तर रजासुद्धा मिळत नाही."

वर्षभर कोण कुठं खेळतंय याच्याशी आमचं काही देणंघेणं नसायचं. पण वर्षा-दोन वर्षांनी आपली आणि त्यांची गाठ पडली की सगळ्यांच्या अंगात यायचं. 'त्यांची' म्हणजे कुणाची, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. प्रत्येक देशाचे एक 'ते' असतात, तसे आमचेही होते.

खुंटाकाका हे नाव त्यांना वखारीनं दिलेलं. करवतीच्या डाव्या अंगाला वीस-बावीस वर्षं एकाच जागी उभे, जमिनीत ठोकल्यासारखे. तिथली फरशी त्यांच्या पायांच्या मापानं झिजली होती. ते ओंडका ढकलायचे, पलीकडून मी ओढायचो. असं अकरा वर्षं. नवराबायकोसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे इतकी वर्षं बघत नाहीत.

ओंडक्यात जुना खिळा असला की करवतीचा आवाज बदलतो. आधी घूं-घूं चाललेलं पातं एकदम मांजर दारात चेंगरल्यासारखं ओरडतं. अशा वेळी ढकलणाऱ्यानं तिथल्या तिथं थांबायचं असतं, नाहीतर पातं तुटून कुठं जाईल सांगता येत नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी पातं तसं ओरडलं, मी दोन्ही हात वर केले, आणि माझे हात दिसेपर्यंत काका ढकलतच राहिले.

दुपारी भाकरीच्या वेळी मी त्यांच्या पाठीमागून हळूच म्हणालो, "काका, तुमच्या डब्यात पाल."

काका शांतपणे घास चावत होते.

त्यांना ऐकू येत नाही हे मालकांना कळलं असतं, तर काकांची जागा त्याच दिवशी गेली असती. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांच्या सख्ख्या भावाचा हात याच करवतीनं कोपरापासून नेला होता. समोरचा कानानं अधू होता, त्याला हाक ऐकू गेली नाही, एवढंच कारण. तेव्हापासून नियम होता, कान धड नसलेला माणूस करवतीपाशी नको. मालक येता-जाता मागून हाका मारून बघायचे. त्यांनी हाक मारली की मी भुवया उडवायचो आणि काका मागं वळून म्हणायचे, "जी मालक."

मी हे सगळं का करत होतो? एक तर काकू घरी येऊन सांगून गेल्या होत्या. काकूंना नवऱ्याला बोलवायचं झालं तर त्या जमिनीवर पाय आपटायच्या, तेवढाच त्यांचा संसारातला संवाद उरला होता. "त्यांना तिथंच राहू दे रे," त्या म्हणाल्या. "घरी बसले की भिंतीत जमा होतील. घरात सगळे बोलतात आणि हे सगळ्यांची तोंडं बघत बसतात. सगळे हसून झाले की मग हे हसतात. मला बघवत नाही."

आणि दुसरं म्हणजे, वखारीत ऐकू न येणं लपवणं अवघड नव्हतं. करवत सुरू झाली की शेजारच्याची शिवीसुद्धा ऐकू यायची नाही. आमचं सगळं बोलणं हातांनी. एक बोट म्हणजे एक सूत आत घे. मूठ म्हणजे घट्ट धर. दोन्ही हात वर म्हणजे थांब. तिथं काका आमच्यापेक्षा सरस होते. शिवाय आम्ही दोघांनी आमची वेगळी भाषा काढली होती. आवाज बदलला की मी माझ्या बाजूनं ओंडक्यावर दोनदा थाप मारायचो. ती लाकडातून त्यांच्या तळहाताला कळायची आणि ते थांबायचे. रोज सकाळी काम सुरू करताना मी एक थाप मारायचो, म्हणजे 'आलो'. तेही पलीकडून एक मारायचे. कानानं ऐकणाऱ्याच्या तोंडी तरी एवढा नेमका रामराम कुठं असतो?

मॅचच्या दिवशीही हातच बोलायचे. कारकुनाच्या काचेच्या खोलीत सेलवर चालणारा रेडिओ होता. कारकून त्याला कान लावून बसायचा आणि आम्हाला काचेतून खुणा करायचा. कामाच्या खुणांशी घोटाळा नको म्हणून त्यानं खास मॅचच्या खुणा ठरवल्या होत्या. चौका असला की वही हलवायची. छक्क्याला फूटपट्टी डोक्यावर. त्यांचा गडी बाद झाला तर चष्मा काढायचा, आपला झाला तर चष्मा काढून कपाळाला हात. अधूनमधून पाटीवर धावा लिहून पाटी काचेला लावायची. एकेरी-दुहेरी धावा दाखवायच्या नाहीत. "एवढ्यातेवढ्याला माना वर कराल तर बोटं गमवाल," कारकून म्हणायचा.

त्यामुळे झालं असं, की अख्ख्या जगात वखारीतली मॅच ही एकच गोष्ट काकांना आमच्याएवढीच पूर्ण मिळायची. सगळे एकदम ओरडायचे, तेव्हा तेही बरोबर त्याच क्षणाला ओरडायचे. मागून नाही. चौका दिसला की मला डोळा मारायचे. बाकी दिवस तोंड कुलूप घातल्यासारखं असायचं, पण त्या दिवशी थट्टा करायचे. "लेका, ओढ की! त्यांच्या गोलंदाजासारखा दमलास होय?"

तर त्या साली मॅच त्यांच्या देशात होती. सकाळपासून ते खेळले. कारकून एका गालाला हात लावून दुसऱ्या हातानं खुणा करत होता, दाढ सुजली होती बिचाऱ्याची. दुपारी भाकरी खायला करवत थांबली तेव्हा आम्ही सगळ्यांनी रेडिओभोवती बसून ऐकलं, त्यांच्या दोनशे एकतीस झाल्या. काका माझ्या चेहऱ्याकडे बघून मान हलवत होते. मी भुशात बोटानं आकडा लिहिला.

तेवढ्यात कारकून उठला. "मला नाही सोसत आता. दाढ काढून येतो."

"मग खुणा कोण करणार?" ढब्बूनं विचारलं.

मालक दारातच उभे होते. आज त्यांचाही मूड बरा होता. "काका बसतील," ते म्हणाले. "वीस वर्षं उभे आहेत, एक दिवस बसू देत खुर्चीवर. ढब्बू, तू त्यांच्या जागी ये."

मी म्हटलं, "मालक, मीच बसतो ना."

"तू? तुला चौका आणि चौकट सारखंच." सगळे हसले. मालकांनी स्वतः काकांच्या दंडाला धरलं, खोलीत नेलं आणि खुर्ची पुढं केली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला काही कारण लागतं, आणि खरं कारण सोडून त्यांच्याकडे कुठलंच नव्हतं. ढब्बूनं तर टाळ्याच वाजवल्या.

मला वाटलं, काका नुसते बसून राहतील. फार तर म्हणतील, सेल संपले. तसं केलं असतं तर निभावलंही असतं. मी ओंडका ओढता ओढता काचेकडे बघत होतो. काका पाच-दहा मिनिटं पाटीसारखे कोरे बसले. मग त्यांनी हळूच उजवा तळहात रेडिओवर ठेवला, ओंडक्यावर ठेवायचे तसा.

थोड्या वेळानं त्यांचा चेहरा एकदम उघडला. त्यांनी वही उचलून हलवली. चौका!

माझ्या लगेच ध्यानात आलं. मैदानात लोकांनी आरडाओरडा केला की रेडिओ थरथरतो. ती थरथर त्यांना कळत होती. काहीतरी मोठं घडलं, एवढं त्यांना नक्की समजत होतं. कुणाच्या बाजूनं घडलं, ते मात्र ते स्वतः ठरवत होते.

मग छक्का. मग पुन्हा चौका. ढब्बू नाचायला लागला. मी डोळ्यांनी दटावलं, तर तो तोंड वासून ओरडला. ऐकू आलं नाही तरी काय ओरडला ते कळलं. काकांनी मध्येच दोनदा भुसा अडवायचा आपला चष्मा काढून कपाळाला हात लावला. आपलेही दोन गडी त्यांनी न्यायानं बाद केले. पाटीवर आकडे चढत होते. एकशे दहा. एकशे चव्वेचाळीस. दोन बाद एकशे अठ्ठ्याहत्तर. मालक ओसरीतून येऊन काचेपाशी पाटी वाचून जायचे, तेही खुशीत. काका खुर्चीच्या टोकावर आले होते. अकरा वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं, कोण जाणे, असेलही तसंच. मीही फळ्या जोरात ओढायला लागलो.

चारच्या सुमाराला वीज गेली.

करवतीनं एक लांब उसासा टाकला आणि ती थांबली. वखारीत अशी शांतता पसरली की पत्र्यावर चालणाऱ्या पक्ष्याची नखं ऐकू आली. काचेच्या खोलीचं दार उघडंच होतं. रेडिओ सेलवरचा, तो चालू होता.

"...आणि हाही त्रिफळाचीत! शेवटचा गडीही तंबूत! एकशे सव्वीस धावांत सगळा संघ बाद, आणि इथं प्रेक्षक अक्षरशः नाचताहेत..."

पुढचं ऐकू आलं नाही, कारण त्यांच्या मैदानातला तो सगळा आवाज रेडिओतून फुटून बाहेर आला.

मॅच त्यांच्या देशात होती. दुपारभर जे ओरडत होते, ते सगळे त्यांचे लोक होते. आपला एकेक गडी पडत होता, आणि तिथल्या त्या आनंदाचे काका इथं चौके-छक्के करत होते.

एरवी करवत थांबली की काकांना तळपायातून कळायचं. त्या दिवशी कळलं नाही. ते दुसरीकडेच होते. रेडिओ हाताखाली कधी नव्हे एवढा थरथरला, तशी त्यांनी फूटपट्टी डोक्यावर धरली. मग ती टाकून दिली, खुर्चीवरून उठले आणि दोन्ही हात वर केले. आपण जिंकलो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

कुणीच ओरडलं नाही. ढब्बूचं तोंड उघडंच राहिलं.

मालक दारातून आत गेले आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

"काका," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "काका." तिसऱ्यांदा तर इतक्या मोठ्यानं म्हणाले की बाहेर गाडीवरचा माणूस वळून बघायला लागला.

काका हात वर करून आमच्याकडे बघत होते. आमचे चेहरे वाचत होते. वाचता वाचता त्यांचे हात आपोआप खाली आले. मग सावकाश मागं वळून त्यांनी मालकांना पाहिलं.

मालक खोलीतून बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. "अकरा वर्षं समोर उभा आहेस. तुला ठाऊक होतं?"

काका काचेमागून माझ्या तोंडाकडे बघत होते. इतरांचं बोलणं त्यांना निम्मंअर्धंच लागायचं, माझे ओठ मात्र पाठ होते.

"नाही, मालक," मी म्हणालो. "मला काही कल्पना नव्हती."

माझ्या घरी खाणारी तोंडं किती, वगैरे आता सांगण्यात अर्थ नाही. भीती वाटली आणि तोंडातून निघून गेलं. गेलं ते गेलं.

"माझ्या भावाच्या वेळेलाही कुणालाच ठाऊक नव्हतं," मालक एवढंच म्हणाले.

त्यांनी काकांना घालवलं नाही. पाटीवर लिहून दाखवलं, उद्यापासून भुसा भरायला या. काकांनी वाचलं, मान हलवली. डबा घेतला. करवतीपाशी आले, आपल्या जागेवर क्षणभर उभे राहिले. मी समोरच होतो. ओंडका दोघांच्या मध्ये अर्धा कापलेला पडला होता. ते त्याला न शिवताच गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही.

आता समोर ढब्बू असतो. त्याचे कान सशाचे. तरी सकाळी माझ्या हातून ओंडक्यावर थाप पडतेच. तो खेकसतो, "काय ठोकतोस रे? दार आहे का ते?"

आठ-दहा दिवसांनी एका संध्याकाळी मी त्यांचा वखारीत राहिलेला भुशाचा चष्मा द्यायला म्हणून घरी गेलो. द्यायला म्हणजे निमित्तच, चष्मा काही लागणार नव्हता आता. काकू दारात होत्या. नेहमीसारखं 'ये' म्हणाल्या नाहीत, नुसत्या बाजूला झाल्या. आतल्या खोलीत टीव्ही लावलेला, पोरंसोरं हसत होती. काका मागच्या बाजूला लाकडी बाकावर एकटे बसले होते, बागेकडे तोंड करून. बाग कसली, दोन डबे आणि एक वाळलेलं झाड. दोन्ही हात बाकावर टेकलेले होते.

त्यांनी मला येताना पाहिलं नव्हतं. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. चष्मा मध्ये ठेवला. काय बोलणार? बोललो असतो तरी ऐकणार कोण? म्हणून मी बाकावर एक थाप मारली. आलो.

ती त्यांना पोचली. बोटं हलली, ते मी पाहिलं.

त्यांनी आधी उजवा तळहात बाकावरून उचलला, मग डावा, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

मी अंधार पडेपर्यंत बसलो. मग उठून आलो.