फादरांचं रोजचं चिंतन

प्रत्येक गोष्टीतून बोध घ्यावा असं सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण बोध काढून घेतल्याशिवाय एकाही गोष्टीला सोडायचंच नाही, असा पण केलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे वारंगा फाट्याचे फादर. त्यांच्यासमोर शिंकायचीही सोय नव्हती. शिंकलात, की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फाट्यावरच्या झाडून सगळ्या मोबाइलांवर ‘शिंक आणि आत्मपरीक्षण’ येऊन पडलंच म्हणून समजा. त्यात ‘काल एका बांधवाला शिंक आली’ एवढंच लिहिलेलं असायचं. पण तो बांधव कोण, हे दहा वाजेपर्यंत शेजारच्या डोंगरकडा गावापर्यंत पोचलेलं असायचं.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण ही सगळी चिंतनं माझ्या हाताखालून गेलेली आहेत. फाट्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. फादर रोज सकाळी आपली जुनी मोटारसायकल दुकानासमोर उभी करायचे आणि पाठकोऱ्या कागदावर लिहिलेलं ‘आजचं चिंतन’ माझ्यापुढे ठेवायचे. सुरुवातीला त्यांनी स्वतःच मोबाइलवर टाइप करून पाहिलं होतं. पहिल्याच संदेशात ‘एकमेकांवर प्रीती करा’ याचं ‘एकमेकांवर भीती करा’ झालं, आणि त्यालाही चाळीसेक जणांनी हात जोडले. फादर हादरले ते चुकीमुळे नव्हे, त्या हातांमुळे. त्यानंतर हे काम माझ्याकडे आलं. आमचं घर बौद्ध. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी जरा संकोचून विचारलं, ‘‘ताई, आमच्या धर्माचं टाइप करायला तुमची काही हरकत?’’ मी म्हटलं, ‘‘फादर, मी सत्यनारायणाच्या पत्रिका करते, उरुसाची पत्रकं करते, वर्षावासाच्या प्रवचनांचं वेळापत्रकही करते. शुद्धलेखनाला धर्म नसतो.’’ झालं! दुसऱ्या दिवशीच्या चिंतनाचा मथळा होता, ‘शुद्धलेखनाला धर्म नसतो’. वाक्य माझं, खाली नाव त्यांचं.

फादर मूळचे वसईकडचे. आमच्या भागात कॅथलिक घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी; त्यांच्यासाठी कळमनुरीच्या रस्त्याला एक छोटं प्रार्थनाघर आणि मागे दोन खोल्या. पण एवढ्याशा कळपावर भागणारा हा माणूस नव्हता. त्यांच्या ग्रुपमध्ये पंक्चरवाला होता, चहाच्या हॉटेलवाले चाचा होते, शाळेचे मुख्याध्यापक होते, खताच्या दुकानाचा मालक होता. वाचत कुणीच नसे, हात मात्र सगळे जोडत. मुख्याध्यापक तर सात वाजून एका मिनिटाला जोडत. दोन पानी मजकूर त्यांनी एका मिनिटात वाचला कसा, असं मी फादरांना एकदा विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘विद्वान माणूस आहे.’’ उपहास त्यांना कळतच नसे. ती त्यांची मोठी ताकद होती.

त्यांची भाषा आणि आमची भाषा यांची गाठ पडायला वेळ लागला. आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात पंक्चरवाल्याने त्यांना फोनवर सांगितलं, ‘‘फादर, मी येऊन राहिलो.’’ फादरांनी गादी उन्हात टाकली, उशीला नवा अभ्रा घातला, दोन माणसांचा भात लावला. पंक्चरवाला आला, लेकराच्या फॉर्मवर सही घेतली आणि निघाला. फादर त्याच्या मागे मोटारसायकलपर्यंत गेले. ‘‘अहो, तुम्ही राहणार होता ना?’’ तो म्हणाला, ‘‘काहून? माझं घर हाय की फाट्यावर!’’ त्याच पंक्चरवाल्याने पुढे त्यांच्या चाकातून काहीतरी काढलं, तर ‘पापाचा काटा’ असं चिंतन झालं. तो तावातावाने माझ्या दुकानात आला. ‘‘ताई, काटा न्हाई, खिळा व्हता. लोकाला वाटंल मला काट्यात अन् खिळ्यात फरक कळत न्हाई.’’ मी फादरांना सांगितलं. खिळा म्हटल्याबरोबर त्यांना क्रूस आठवला आणि पुढचे तीन दिवस खिळ्यावरच गेले. तेव्हापासून फादर हॉटेलात शिरले, की चाचा गिऱ्हाइकांना डोळ्यांनी खुणवायचे आणि सगळं हॉटेल चिडीचूप व्हायचं. फादरांनी त्यावर ‘चहाच्या टपरीवरील पवित्र शांतता’ लिहिलं.

अशा माणसाच्या हातून कुणाला तकलीफ होईल असं मला वाटलं नव्हतं. ती झाली मेथीपायी. प्रार्थनाघरामागे फादरांनी एक परसबाग केली होती. चार वाफे मेथी, दोन वाफे पालक आणि कमरेएवढी पपईची रोपं. या मेथीवर त्यांचा जीव होता. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला, तसा त्यांनी साखर, मटण आणि राग या तिन्हींचा त्याग जाहीर केला. त्यातला तिसरा त्याग चालू असताना एके दुपारी बिराजीच्या शेळ्या बागेत शिरल्या. बिराजी म्हणजे जवळच्या वस्तीवरचा धनगर. साठीचा, अबोल, खांद्यावर घोंगडी टाकून रोज शेळ्या घेऊन त्या रस्त्याने जाणारा. त्या दिवशी शेळ्या होत्या, बिराजी नव्हता. फादर मिस्सेची, म्हणजे प्रार्थनाविधीची, तयारी सोडून, झगा गुडघ्यापर्यंत उचलून, हातात केरसुणी घेऊन धावले. ते जे बोलले ते अस्सल वसईच्या बोलीत होतं; त्यातला एक शब्द आम्हाला कळला नाही आणि अर्थ मात्र पूर्ण कळला. मेथी तर गेलीच. पपईच्याही नुसत्या काड्या उरल्या.

दुसऱ्या दिवशीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘काही माणसांची जनावरे मोकाट असतात, कारण त्यांची मने मोकाट असतात.’ मी ते टाइप केलं. आता कबूलच करायचं, तर नुसतं टाइप केलं नाही. वाक्य जरा बोथट वाटलं म्हणून ‘मने’च्या आधी ‘आळशी’ हे विशेषण मीच सुचवलं. फादरांना फार आवडलं. सात वाजून एका मिनिटाला मुख्याध्यापकांचे हात आले.

बिराजीला वाचता येत नाही. हॉटेलात कुणीतरी त्याला ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आठवडी बाजारात पोरंसोरं त्याला ‘मोकाट आबा’ म्हणायला लागली. तो एक दिवस माझ्या दुकानात आला. चप्पल बाहेर काढून, दारातच उभा राहून म्हणाला, ‘‘माय, माझं मन आळशी हाय म्हणून फोनात लिवलंय म्हणं. खरं हाय का?’’ मी काहीतरी पुटपुटले. तो म्हणाला, ‘‘त्या दिशी माझ्या बायकूला, गिरजाला, शेतात चक्कर आली. तिला टेंपोत घालून नांदेडला नेऊन राहिलो व्हतो. शेळ्याकडं कोन बघंल? पोरगी साखऱ्याला, सासरी. मी काय झोपलो व्हतो का?’’ आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी फादरांना सगळं सांगितलं, माझ्या विशेषणासकट. दुसऱ्या दिवशी कागद आला, ‘क्षमा मागण्याचे महत्त्व’. तिसऱ्या दिवशी आला, ‘क्षमा मागण्याच्या पाच पायऱ्या’. चौथ्या दिवशी, ‘क्षमेच्या मार्गातील अडथळे : पूर्वार्ध’. तो मी टाइप केला नाही. कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. ‘‘फादर, त्याला वाचता येत नाही.’’

‘‘कुणीतरी वाचून दाखवील ना,’’ ते म्हणाले.

‘‘मागच्या वेळीही कुणीतरीच दाखवलं होतं.’’

फादरांनी कागदाची घडी केली. मग म्हणाले, ‘‘तुम्ही याल का माझ्याबरोबर? एक विशेषण तुमचंही आहे.’’

आम्ही वस्तीवर गेलो, तेव्हा गिरजाबाई बाजेवर पडून होती आणि बिराजी तिला भाकरी कुस्करून देत होता. फादरांनी घसा साफ केला आणि उभ्या उभ्या सुरुवात केली, ‘‘प्रिय बांधवा, मनुष्य हा मातीचा घडा आहे. कुंभार जेव्हा...’’ कुंभार, घडा, भट्टी असं करत ते पाचव्या पायरीपर्यंत पोचले असतील. बिराजीने निमूट ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘हे काय म्हणून राहिले?’’ आणि फादरांना म्हणाला, ‘‘फादर, सरळ बोला.’’

फादर थांबले. इतक्या वर्षांत एवढं छोटं वाक्य त्यांनी बहुधा केलेलंच नसावं. ‘‘मी चुकलो,’’ ते म्हणाले.

‘‘मी पण,’’ मी म्हणाले.

‘‘हां,’’ बिराजी म्हणाला. ‘‘आता कळलं. बसा.’’ आम्ही बसलो. गिरजाबाईने बाजेवरूनच पाणी द्यायला सांगितलं. पाणी पिऊन होईतो बिराजी विचार करत होता. मग म्हणाला, ‘‘उद्या हिला पुन्हा दवाखान्यात न्यायची हाय. एक दिस शेळ्या बघता का?’’

आयुष्यभर ज्याने व्यासपीठावरून मेंढपाळाचे दाखले दिले, त्या माणसाला हे विचारणं म्हणजे काय, याची बिराजीला कल्पनाच नव्हती. फादरांचा चेहरा उजळला. मला पुढच्या पंधरा दिवसांची चिंतनं दिसायला लागली आणि माझी बोटं आतापासूनच दुखायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळून, हातात बिराजीची काठी घेऊन फादर निघाले. हायवेवरचे ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. पंक्चरवाल्याने दुकान बंद करून अर्धा तास हजेरी लावली. शेळ्यांना फादरांची मराठी कळेना. ‘‘इकडे या, इकडे या पाहू,’’ असं ते अदबीने म्हणत, आणि शेळ्या तितक्याच अदबीने तिकडे जात. तरी दुपारपर्यंत सगळं बराबर चाललं. मग एक करडू दिसेना. आता अशा वेळी काय करायचं, हे फादरांना बायबलातल्या दाखल्यावरून पाठ होतं. हरवलेल्या एकासाठी उरलेल्यांना रानात सोडून जायचं! ते गेले. ओढ्यात उतरले, बाभळीत शिरले, हात-पाय ओरबाडून घेतले आणि तासाभराने ते करडू खांद्यावर घेऊन, येशूच्या चित्रातल्यासारखे, टेकाडावर प्रकट झाले. खाली बाकीच्या सगळ्या शेळ्या मुख्याध्यापकांच्या भुईमुगात होत्या.

मुख्याध्यापक बांधावर उभे होते. रोज सकाळी जोडलेले हात आता कमरेवर होते. ‘‘काय हो फादर! जनावरं अशी मोकाट सोडता? काही जबाबदारी आहे की नाही माणसाला?’’ आणखीही बरंच बोलले. त्यात फादरांच्याच चिंतनातलं एक अख्खं वाक्य निघालं, म्हणजे ते वाचत होते असंच म्हणायचं. फादरांकडे सांगण्यासारखं कारण होतं, करडू अजून खांद्यावरच होतं. पण ते काही सांगेनात. ‘‘चुकलो, सर,’’ एवढंच म्हणाले आणि एकेक शेळी बाहेर काढायला लागले.

दिवस कलता बिराजी दवाखान्यातून परत आला. त्याने सगळी हकिकत ऐकून घेतली आणि मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. ‘‘एका करडासाठी बाकीच्या सोडून कोन जातं, फादर? असं तुमाला शिकवलं तरी कुनी?’’

फादरांनी काठी त्याच्या हातात परत दिली.

दुसऱ्या दिवशी मी दुकान जरा लवकरच उघडलं, कोरे कागद भरून ठेवले. फादर आले. नाक उन्हाने सोललेलं, हातांवर ओरखडे आणि हात रिकामे. ‘‘आजचं चिंतन?’’ मी विचारलं. ‘‘आज काही सुचलं नाही, ताई.’’ मला ऐकवेना. ‘‘अहो, शेळ्यांवर तरी!’’ ते म्हणाले, ‘‘शेळ्यांवर काय लिहायचं? त्यांना भूक लागते.’’ आणि गिरजाबाईच्या औषधांची चिठ्ठी झेरॉक्स करून घेऊन गेले. साडेसातपर्यंत मला नऊ फोन आले. फादर आजारी हाय का? फादर गावाला गेले का? चाचा तर स्वतः येऊन बघून गेले. कधी न वाचलेली गोष्ट आली नाही, तर माणसाला इतकं चुकल्यासारखं होतं, हे मला नवीन होतं.

त्यानंतर चिंतनं आली, पण तुटक. कधी चार ओळी, कधी आठवडाभर काहीच नाही. ‘काही माणसे’ हा शब्दप्रयोग त्यांनी सोडला. दुपारी मोटारसायकल बऱ्याचदा वस्तीवर दिसायची. पुढच्या वर्षी गिरजाबाई गेली. त्या दिवशी अंगणात पुष्कळ लोक आले, पुष्कळ बोलले. जन्म-मरण, कर्म, देवाची मर्जी. मुख्याध्यापक अर्धा तास बोलले. मी फादरांकडे बघत होते, आता हे उठतील म्हणून. ते बिराजीशेजारी जमिनीवर बसून राहिले आणि संध्याकाळी शेळ्या बांधायला त्याच्याबरोबर उठले.

मग वरून बदलीचं पत्र आलं आणि ते परत समुद्राकडे, आपल्या मुलखात गेले. नवे फादर तरुण आहेत, टापटिपीचे आहेत, मोबाइलवर स्वतःच टाइप करतात. त्यांना माझी गरज नाही. ग्रुप चालू आहे, हातही जोडले जातात.

बिराजी मात्र महिन्यातून एकदा दुकानात येतो आणि म्हणतो, ‘‘माय, फादरला लाव की फोन.’’ मी लावून देते. तो मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरतो, रस्त्याकडे पाठ करतो आणि ‘‘हां... व्हय... हां...’’ एवढंच म्हणतो. दोन मिनिटांत फोन परत माझ्या हातात. परवा मला राहवलं नाही. विचारलं, ‘‘काय म्हणाले?’’

‘‘काई न्हाई. जेवले का, म्हणून इचारलं.’’

‘‘एवढंच?’’

चपला पायात सरकवत तो थांबला. ‘‘दुसरं कोन इचारतंय, माय?’’ म्हणाला, आणि शेळ्यांकडे गेला.