कोचीला बघण्यासारखं काय आहे

माझी मुलगी मोठ्या प्रवासी जहाजावर कामाला आहे. खोल्या साफ करायच्या, चादरी बदलायच्या, बाथरूम धुवायची. शहापूरला कॉलेज केलं, मग ठाण्याला हॉटेलचा कोर्स केला आणि एक दिवस समुद्रावर निघून गेली. आमच्या किन्हवलीकडच्या गावात धरणापेक्षा मोठं पाणी फारसं कुणी बघितलेलं नाही. त्यामुळे सुरुवातीला लोक मला विचारायचे, "बोटीवर पोरगी झोपते कुठं?" मी सांगायचो, "पाण्यात." मग पुढचा प्रश्न यायचा नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो. मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर या रस्त्यांवर माझी नोकरी सरली. म्हणून प्रवासातलं मला कळतं असा गावाचा समज आहे आणि खोटं कशाला बोलू, माझाही आहे.

भात कापून झालं होतं, भारे खळ्यावर आणायचं काम चालू होतं, तेव्हा तिचा मेसेज आला. जहाज आपल्या देशाच्या बाजूला येणार होतं. मुंबईला नाही, कोचीला. सकाळी लागणार, संध्याकाळी सुटणार. मधे दुपारी तिला दोन-तीन तास बाहेर सोडतील, पण ते साहेबाच्या मर्जीवर. खाली लिहिलं होतं, "बाबा, लांब आहे. तुमचं तुमी ठरवा."

ती घरी येऊन दोन वर्षं होऊन गेली होती. मधे सुट्टी मिळत होती तर तिनं करार वाढवून घेतला. का वाढवला, ते धड सांगितलं नाही. फोनवर दिसायची ती ट्यूबलाइटखाली, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये. नुसता चेहरा, तोही अर्धा. कशी आहेस विचारलं की "मस्त." जेवलीस का, "मस्त." मला ते पुरायचं. तिच्या आईला पुरायचं नाही.

"पोरीला काय तरी झालंय," बायको म्हणायची. "मला एकदा तिला उजेडात बघू दे. मग मी काय बोलणार नाय."

एवढंच तिचं मागणं होतं. आता एवढ्यासाठी कोचीला जायचं का, हा प्रश्न.

पण गावात प्रश्न घराबाहेर पडला की त्याचं काहीतरी भलतंच होतं. मुरबाडहून मेहुणा आला. तो एकदा टूरच्या बसनं केरळ बघून आलेला, त्यामुळे केरळ त्याच्या मालकीचं. "दाजी, कोचीला बघण्यासारखं काय नाय," त्यानं निकाल दिला. "नारळाची झाडं आणि मासे धरायची मोठी मोठी जाळी. एक दिवस पण जास्त होतो. त्यापेक्षा मुन्नार करा."

शेजारची म्हातारी म्हणाली, एवढ्या लांब जाताय तर कन्याकुमारी करून या. शहापूरला तिकिटांची चौकशी करायला गेलो, तर दुकानातल्या पोरानं माझ्यासमोर हाऊसबोटीचे फोटो धरले. मी म्हटलं, "बाबा, बोटीत झोपणारं एक माणूस घरात आहे, तेवढं बस झालं." त्याला काही कळलं नाही. मला मात्र संताप आला. शहर बघायला कोण चाललं होतं! ते शहर दलदलीत असतं, डोंगरावर असतं, तरी मला काय फरक पडणार होता?

मेहुण्याला मी हे ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "मग कशाला एवढा खटाटोप? पोरगी काय, कधी तरी येईलच घरी."

खरं सांगायचं तर माझंही मन मागं-पुढं होत होतं. पनवेलहून गाडी पकडायची, एक रात्र आणि वर बराचसा दिवस तिच्यात काढायचा, तेवढंच परत. आभाळ भरून येत होतं आणि भात अजून झोडायचं होतं. झोडायला येणाऱ्या बायका एकदा दुसऱ्याच्या खळ्यावर गेल्या की परत मिळत नाहीत. आणि हे सगळं तीन तासांसाठी, तेही मिळाले तर. मी बायकोला म्हटलं, "तीन तास."

"तीन तास थोडे हायत का?" ती म्हणाली. मी पुन्हा शहापूरला गेलो. तिकिटं काढली.

पिशवी तिनं कधीच भरून ठेवली होती. सुकट, तांदळाचे पापड, वालाचं बिरडं करून खा म्हणून वाल. जहाजाच्या खोलीत बिरडं कुठं करणार, हे मी विचारलं नाही. पण वर खोबरेल तेलाची बाटली दिसली तेव्हा राहवलं नाही. "कोचीला खोबरेल घेऊन जाणारी तू जगातली पहिली बाई," मी म्हटलं. ती हसली. त्या आठवड्यात ती बऱ्याच वेळा हसली होती.

निघायच्या आदल्या दिवशी मेसेज आला. "सुट्टी नाय मिळाली. नवीन पॅसेंजर चढणार आहेत, सगळ्यांना ड्युटी. येऊ नका."

बायकोनं मला तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "तरी जाऊया."

"कशाला?"

"बोट तरी दिसंल. ती आत हाय, एवढं तरी."

मी नाही म्हणालो. आयुष्यभर मी स्टँडवर बघितलंय. फळ्यावर फेरी रद्द लिहिली की शहाणे लोक वडापच्या जीपनं जातात, नाही तर घरी परततात. एखादी बाई मात्र गाठोडं घेऊन बसून राहायची, येईल म्हणून. मी जाऊन समजवायचो, मावशी, आता नाही येणार, उठा. एकदा रद्द झालेली फेरी नंतर आली, असं माझ्या नोकरीत कधी झालं नाही. हा हट्ट नव्हता, अनुभव होता. बंद गेटाबाहेर उभं राहून लोखंडाचा डोंगर बघायला मी बायकोला देशाच्या त्या टोकाला नेणार नव्हतो. आजही माझं गणित चुकलं असं मी म्हणणार नाही. तिकिटं रद्द केली. तिनं पिशवी रिकामी केली, वाल परत डब्यात ओतले. भांडली असती तर बरं झालं असतं.

जहाज कोचीला लागलं त्या दिवशी आम्ही खळ्यावर होतो. दुपारी फोन वाजला, व्हिडिओचा. बघतो तर पोरगी रस्त्यावर उभी, भर उन्हात. मागं रिक्षा, एक लांबलचक भिंत, हिरवी झाडं.

"बाबा, सोडलं मला! माझ्या जागी दुसरी पोरगी उभी राहिली. शेवटच्या टायमाला ठरलं, सांगायला पण नाय मिळालं." ती श्वास लागल्यासारखी बोलत होती. मग इकडंतिकडं बघून म्हणाली, "आता काय करू मी? इथं बघण्यासारखं काय हाय?"

आणि मी तिला काय सांगावं? मी तिला जाळ्यांचं सांगितलं. मासे धरायची मोठी जाळी आहेत म्हणे, रिक्षावाल्याला विचार, तो नेईल. मेहुण्याचे शब्द मी माझ्या पोरीला वाचून दाखवल्यासारखे सांगत होतो.

"नको बाबा. मी जेवते कुठं तरी," ती म्हणाली.

तोवर तिची आई पदराला हात पुसत आली होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. पोरगी एका साध्या खाणावळीत शिरली, दारापाशी बसली आणि फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवला. ऊन थेट तिच्यावर पडत होतं. वाळली होती. ते आम्ही धरूनच चाललो होतो. केळीच्या पानावर भात आला, माशाची आमटी आली. तिनं वाढणाऱ्याला खुणेनं चमचा मागितला.

आमच्या घरात मासे-भात चमच्यानं कुणी खाल्लेला नाही. ही पोरगी तर लहानपणी कोपरापर्यंत आमटी ओघळू द्यायची.

"चमचा कशाला गो?" आई म्हणाली.

"सवय झाली आई."

"हात दाखव."

"आई, जेवू दे ना."

"हात दाखव, बाय."

तिनं उजवा हात वर केला. बोटांच्या बेचक्यात कातडी फाटली होती. तळवा लाल, सोललेला. दोन बोटांना चिकटपट्टी होती आणि तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

"बाथरूमचं लिक्विड लागतं," ती घाईघाईनं म्हणाली. "ग्लोव्हज घालते, तरी आत जातं. मलम लावते ना. कमी हाय आता."

"म्हणून आली नायस तू घरी," आई म्हणाली.

पोरगी पानाकडं बघत राहिली. "आले असते तर तुमी परत जाऊ दिलं असतं का?"

जाऊ दिलं नसतं, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. तिला ते काम करायचं होतं, ते समुद्र, ती बंदरं तिला हवी होती. ते मला कधी कळलं नाही, पण तिच्या तोंडावर दिसत होतं. आणि हातही दिसत होता. आईनं ओठांचा चंबू केला आणि फोनवर हळूच फुंकर मारली. मला दुसरीकडं बघावं लागलं.

ती जेवली. आम्ही बघत बसलो. झोडणाऱ्या बायकाही काम थांबवून मागं उभ्या होत्या. भात संपला तशी ती उठली. "निघते. उशीर झाला तर जिनं माझी ड्युटी घेतली ना, तिला बोलणी बसतील."

"रिक्षा कर," मी ओरडलो. "चालत जाऊ नको. आणि गेट कुठलं ते आधी सांग त्याला." माझ्या पोरीसाठी मला एवढंच करता येत होतं.

"हो बाबा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

बायको भाऱ्यावर बसली. फोनची काच पदरानं पुसली. मग तिनं विचारलं, "आता निघालो तर?"

जहाज संध्याकाळी सुटणार होतं. आमची गाडी कोचीला पोचेपर्यंत ते कुठल्या कुठं गेलेलं असणार, हे तिला सांगायला कंडक्टर कशाला हवा? पण तिच्या तोंडाकडं बघून माझ्याच्यानं सांगवेना.

"पनवेलहून गाडी असते," मी म्हणालो.

ती उठली, अंगावरचा भुसा झटकला आणि साडी बदलायला आत गेली. मला तिला हाक मारून थांबवता आलं नाही.